आज बसू दे तिला

दार थोडं उघडंच राहू द्या. वारा येतोय, कळतंय मला, पण राहू द्या. हवी तर माझी शाल घ्या. दिवा मात्र असा मधे सरकवा. समोरच्याचा चेहरा दिसत नसला की मला बोलणं सुचत नाही. आणि विषय तुम्हीच काढलात. सगळ्या खुर्च्या दाखवून झाल्यावर, 'फोटोतली ती उंच पाठीची खुर्ची कुठे गेली हो?' म्हणून. उद्यापासून तुम्ही या केंद्रात काम करणार, तेव्हा तुम्हाला कळलेलं बरं.

सुरुवात एका साध्या कामानं झाली. हे केंद्र चालवणाऱ्या मोठ्या बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मागच्या खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "उद्या शिंपीकाका येतील. खोली उघडून दे आणि त्यांची त्यांना खुर्ची निवडू दे. घाई करू नकोस. आणि सशा, दचकू नकोस."

सशा म्हणजे मी. इथे आले त्याच आठवड्यात हे नाव पडलं. खालच्या छापखान्यात यंत्र सुरू झालं की मी उडते, फोन वाजला की उडते, मागून कुणी नुसतं 'अहो' म्हटलं तरी उडते. मानसशास्त्राची पदवी घेतली म्हणून काळीज थोडंच घट्ट होतं? लहानपणापासून अशीच आहे. तेव्हा मी दचकले की आई माझ्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, तळवा टेकवायची. "मी आहे," एवढंच म्हणायची. आई गेली आणि माझी पाठ उघडी पडली.

आपल्याकडे कशी माणसं येतात, तुम्ही पाहालच. कुणाचं माणूस गेलेलं असतं, कुणाला मोठं दुखणं सांगितलेलं असतं, कुणाची नोकरी संपलेली, कुणाला म्हातारपणी राहतं घर सोडावं लागलेलं. बोलून बोलून जेव्हा बोलणं खुंटतं, तेव्हा मोठ्या बाई मागची खोली उघडतात. तिथल्या खुर्च्या लोकांनीच दिलेल्या. वेताची, झुलती, शाळेतली, एक तर न्हाव्याच्या दुकानातली, डोकं टेकायच्या उशीसकट. आलेल्या माणसानं त्यातली एक निवडायची, जे गेलं ते जिच्यावर बसलं असतं ती. मग ती समोर मांडून तिच्याशी बोलायचं. मनातलं सगळं. आणि मग उठून त्याच खुर्चीवर बसून, जे गेलं त्याच्या तोंडून उत्तर द्यायचं.

खुर्चीवर मेलेलं माणूसच बसतं असं नाही बरं का. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी तिथे अख्खी शाळा बसवली होती आणि पहिलं वाक्य काय, तर "गोंगाट बंद!" एका बाईंनी तिथे आपला काढून टाकलेला स्तन बसवला. त्या दिवशी मोठ्या बाईसुद्धा चष्मा पुसत होत्या.

पण शेवट ठरलेला. आलेल्या माणसानं खुर्चीकडे बघून तोंडानं म्हणायचं, 'आता तू जा.' मग दोघांनी मिळून खुर्ची उचलायची, उंबऱ्याबाहेर न्यायची, तोंड भिंतीकडे करून ठेवायची. ज्यानं बोलावलं त्यानंच पाठवायचं. दुसऱ्या कुणी 'जा' म्हणून चालत नाही.

मी एकदा विचारलं होतं, "एवढं कशाला?" बाई म्हणाल्या, "मनाला शेवट डोळ्यांनी दिसावा लागतो." मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आणि बोलावलंय ना आपण? मग पोचवायला नको?"

शिंपीकाका दुसऱ्या दिवशी दुपारी आले. अंगावरचा शर्ट हँगरला लावल्यासारखा लोंबत होता. मापाची पट्टी अजून गळ्यात. सवयीनं घातली असावी. बायको गेल्यापासून त्यांनी मशीनला हात लावला नव्हता. लोकांची कापडं दुकानात तशीच पडलेली, जेवण सुटल्यातच जमा. डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन आपल्याकडे पाठवलं होतं, 'औषधाचं काम नाही' म्हणून.

खुर्च्यांवरून हात फिरवत फिरवत ते उंच पाठीच्या लाकडी खुर्चीपाशी थांबले. तिच्यावर जाड गादी होती, विटलेल्या हिरव्या कापडाची.

"ही. काजं-बटणं करून करून हिची मान धरायची. टेकायला पाठ लागायची हिला."

खुर्ची उचलताना त्यांचं लक्ष माझ्या बाहीकडे गेलं.

"हे काय ताई? पिन?"

"बटण तुटलंय."

"मग लावायचं."

"येत नाही हो मला."

"एवढ्या शिकलात आणि बटण लावता येईना?"

"आईलाही येत नव्हतं. आमचं घर सेफ्टीपिनांवर उभं होतं, काका. पडदेसुद्धा."

ते हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मग त्यांनी स्वतःच्या शर्टाचं एक बटण उलटं करून मला दाखवलं. पांढऱ्या शर्टाच्या आतून एक बारीक तांबडा टाका.

"ही खूण तिची. कापड कुठल्याही रंगाचं असो, शेवटचा टाका तांबडा. गिऱ्हाईक भांडायला आलं, की बटण तुटलं, की ही आधी उलटं करून बघणार. तांबडं दिसलं नाही की, 'हे आमचं नव्हेच, चला निघा!'" बोलता बोलता त्यांचा आवाज बसला. "वस्ताद बाई होती. भांडण झालं की मी म्हणायचो, जा माहेरी. की ही मुद्दाम मशीनपुढे फतकल मारून बसायची. म्हणायची, ज्यानं 'जा' म्हटलं त्यानं जावं. शेवटी मीच बाहेर जाऊन चहा पिऊन यायचो."

खुर्ची मांडली. आपल्या त्या मोठ्या खिडकीशी, उजेडाकडे पाठ करून. काका बोलले. काय बोलले ते सांगत नाही, ते त्यांचं. पण मग उठून ते तिच्या जागी बसले आणि त्यांनी उत्तर द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्यांची मान एका बाजूला कलली, हात मांडीवर आले, आणि बोटं... बोटं सुई धरल्यासारखी हलायला लागली. आवाज बायकी नव्हता, त्यांचाच होता. पण बोलण्याची तऱ्हा त्यांची नव्हती. "जेवला का? आरशात बघा जरा. कावळासुद्धा शिवणार नाही." असं काहीतरी. मला हसू आलं आणि त्याच वेळी दंडावर काटा उभा राहिला.

उजेड उतरला. निरोपाची वेळ झाली. मी म्हटलं, "काका, आता..."

ते आपल्या जागी परत येऊन बसले होते. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे एकटक बघत होते.

"आज नको, ताई."

"पण काका, आपल्याकडे तसं..."

"आज बसू दे तिला. फार दिवसांनी टेकलीये हो."

मी ठामपणे नाही म्हणायला हवं होतं. मोठ्या बाई म्हणाल्या असत्या. पण ते ज्या सुरात बोलले ना, तो सूर मला ओळखीचा होता. माझ्या स्वतःच्या आतला.

"बरं," मी म्हटलं. "बसू दे."

काका जिना उतरून गेले. मी टेबल आवरायला लागले. छापखाना बंद झाला होता, त्यामुळे एकदम शांत. बाहेर दिवे लागायच्या आधीचा तो राखाडी उजेड, ज्यात खोलीतल्या वस्तू आहेत त्यापेक्षा लांब दिसतात. आणि मला वास आला. ओल्या कापडावर गरम इस्त्री फिरवली की येतो ना, तो. ऊबदार, किंचित करपलेला. मला वाटलं खालून येतोय. मी खिडकी लावली. वास वाढला.

मग मी खुर्चीकडे पाहिलं. गादी दबलेली होती. काका उठून किती वेळ झाला होता, तरी ती वर आली नव्हती. मी बघत असतानाच त्या खळग्याची कड एका बाजूनं जरा उचलली गेली आणि दुसऱ्या बाजूनं बसली... बसल्या बसल्या कुणी बैठक बदलावी तशी.

मी दारापर्यंत पळाले. पर्स हातात होती, चप्पल एकाच पायात. आणि दारातच थांबले.

तुम्हाला वाटेल, ही एवढी भित्री मुलगी, थांबली कशी? पण माझ्या मनात आलं, ही येऊ शकते, तर मग माझी का नाही?

आईबद्दल थोडं सांगते. ती कुणाकडे फार वेळ बसायची नाही. घरातल्या कुणी घड्याळाकडे पाहिलं, कुणी जांभई दिली, की पदर सावरून उठलीच. 'चला, कुणाला अडचण नको.' लग्नकार्यातसुद्धा कडेच्या खुर्चीवर, अर्धवट टेकलेली. कुणी आणखी आलं की स्वतः उभी. आमच्याकडे आलेल्याला मात्र दारापर्यंत पोचवायला जायची, जिन्याचा दिवा लावून वाकून बघत राहायची. गेलीसुद्धा तशीच. हॉस्पिटलमध्ये मी खाली औषध आणायला गेले तेवढ्यात. परत आले तर नर्स चादर नीट करत होती. उशीला तिच्या बामाचा वास येत होता, डोकं दुखायचं म्हणून ती सदा कपाळाला चोळायची तो. तिचा आवाज मी विसरत चालले होते. त्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटायची. छापखान्याच्या यंत्राची, फोनची भीती काहीच नाही त्यापुढे.

मी परत आत आले. खुर्चीपुढे जमिनीवर बसले.

"तुम्ही शिंपीकाकूच ना?" मी विचारलं. "मला तुमच्याशी... म्हणजे, तिकडे माझी आई असेल. तिला म्हणाल का... आई, ये ना गं. एकदा ये."

काही झालं नाही. अंधार आणखी दाट झाला. आणि तेवढ्यात टेबलावरचा फोन कर्कश वाजला, अगदी कानाशी.

मी दचकले नाही.

म्हणजे दचकायला लागले होते, श्वास वर ओढलाही होता, आणि पाठीवर, खांद्यांच्या मधोमध, कुणीतरी तळवा टेकवला. बामाचा वास आला. फोन वाजून वाजून बंद झाला. मी हलले नाही. हलले तर तो हात जाईल असं वाटत होतं. कितीतरी वेळ तशीच बसून रडले, पण ते रडणं वेगळंच होतं. तहानेनं पाणी पीत राहावं तसं.

त्यानंतर मी रोज सगळे गेल्यावर थांबायला लागले. खुर्ची जागची हलवली नाही. येणाऱ्यांना सांगायचे, तिचा पाय मोडलाय, बसू नका. बसायला कुणी जायचंही नाही. एक आजोबा तर तिच्याकडे बघून "माफ करा हं" म्हणाले आणि दुसऱ्या खुर्चीवर बसले. नंतर स्वतःच गोंधळले. संध्याकाळी खोलीत दोन्ही वास असायचे, इस्त्रीचा खिडकीशी, बामाचा माझ्या मागे. आई त्या खुर्चीच्या हातावर टेकत असावी, अर्धवट, नेहमीसारखी. मी तिला दिवसभराचं सांगायचे. ती बोलायची नाही. पण मी दचकणं सोडलं होतं. खालचे छापखानेवाले म्हणायला लागले, "सशाला वाघानं पाळलं की काय?"

मी सुखात होते हो. खरंच सांगते.

आणि शिंपीकाका बुडत चालले होते. तेही रोज यायला लागले होते. दुपारी यायचे, खुर्चीसमोर बसायचे, काही बोलायचे नाहीत. दुकान कायमचं बंद करायचं म्हणाले. एकदा पाण्याचा ग्लास देताना त्यांचं मनगट माझ्या हाताला लागलं. नुसतं हाड. म्हणाले, "ती इथे, मी तिथे, हे काही बरं नाही, ताई. लवकर एक शेजारची खुर्ची बघून ठेवा माझ्यासाठी." आणि हसले. ते हसणं मला आवडलं नाही.

मोठ्या बाईंचा फोन आला. गुडघ्याचं काय, जेवणाचं काय, सगळं झालं. मग म्हणाल्या, "शिंपीकाकांची खुर्ची बाहेर काढलीस ना?"

"हो."

"सशा, फोन वाजल्यावर तू नेहमी धापा टाकत बोलतेस. आज नाही टाकल्यास. काय झालंय?"

मी अर्धंच सांगितलं. काकांचं. माझं नाही.

बाई अगदी हळू म्हणाल्या, "उद्याच्या उद्या त्यांच्याकडून निरोप वदवून घे. नाहीतर तो माणूस हातचा जाईल. समजलं? उद्या."

मी रात्रभर हिशेब मांडत राहिले. काका 'जा' म्हणणार ते काकूंना. ज्यानं बोलावलं त्यानंच पाठवायचं. म्हणजे काकू जातील. आईला मी बोलावलंय, मी 'जा' म्हणणारच नाही. मग आई राहील. यात कुणाचंच वाईट नव्हतं. असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारीच आभाळ काळं झालं. वीज गेली. काका आले ते भिंतीला धरून. मी त्यांना समोर बसवलं आणि म्हटलं, "काका, ती तुमच्याकडे बघून काय म्हणत असेल?"

ते खुर्चीकडे जरा वाकले.

"म्हणत असेल... हे काय चालवलंय तुम्ही. लोकांची कापडं कुजताहेत."

"मग तुम्ही काय म्हणाल?"

काकांनी गळ्यातली पट्टी काढली, तिची नीट गुंडाळी केली आणि मुठीत धरली. "मी बघतो गं माझं. जेवेन. दुकान उघडेन. बटणं... बटणं मला तुझ्यासारखी जमणार नाहीत, पण लावेन." मग डोळे मिटून, सगळा जीव एकवटून म्हणाले, "जा आता तू. जा."

खुर्ची करकरली. नुकतंच कुणी उठावं, तशी. माझ्या खांद्याला अगदी हलका वारा लागला. पाठीवर तळवा टेकला, क्षणभरच, आणि निघाला. बामाचा वास माझ्या अंगावरून पुढे दारापर्यंत गेला. दार थोडं हललं.

आई ती, मी मनाशी म्हटलं. पाहुण्यांना दारापर्यंत पोचवायला गेली. येईल परत.

"गेली," काका म्हणाले. गालावरून पाणी वाहत होतं, पण चेहरा सैल झाला होता. आम्ही खुर्चीला हात घातला. उंबऱ्यापर्यंत नेता नेता काका थांबले.

"ताई, रिकामी खुर्ची एवढी जड?"

"जुनं लाकूड आहे. दमट हवेनं जड होतं."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. माणसं आपल्यावर किती विश्वास ठेवतात ना. मला तर आनंद झाला होता. जड आहे, म्हणजे आई परत आली. आई आहे.

ती खुर्ची मी मागच्या खोलीत ठेवलीच नाही. त्याच संध्याकाळी छोट्या टेम्पोतून घरी नेली. टेम्पोवाला जिना चढताना म्हणाला, "बाई, आत दगड भरलेत का?" बाबा पलंगावर बसले होते. आई गेल्यापासून ते बोलतात कमी, टीव्ही आवाज बंद करून बघतात. मी म्हटलं, केंद्रातली जुनी खुर्ची आहे, टाकून देणार होते. बाबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग पलंगाच्या कडेचे पेपर उचलले, पाय आत घेतले, जागा केली. काही विचारलं नाही.

स्वयंपाकघरात माझ्या हातून झाकण पडलं. मी केवढ्यानं दचकले! आणि तशीच उभी राहिले, पाठ त्या खोलीकडे करून, वाट बघत. तळवा टेकला नाही. खुर्चीकडून फक्त एक छोटासा आवाज आला. तट्. दातानं दोरा तोडावा तसा.

घरात इस्त्रीचा वास येत होता.

मी स्वतःची समजूत घातली. नवी जागा, आई बुजली असेल. सकाळी उठले तर बाहीची सेफ्टीपिन काढून खिडकीत ठेवलेली होती. बाहीला बटण होतं. घट्ट, खालून दोऱ्याचे वेढे देऊन उभं केलेलं. मी बाही उलटी केली. निळ्या कापडावर एक बारीक तांबडा टाका.

तेव्हा मला कळलं. 'जा' म्हटल्यावर उठली ती माझी आई. तिला कधी दोनदा सांगावं लागलंच नव्हतं. ते शब्द दुसरीसाठी होते, तरी तीच पदर सावरून उठली, अडचण नको म्हणून. आणि जिला सांगितलं ती बसून राहिली, जन्मभर बसत आली तशी.

मी 'जा' म्हणून पाहिलं. हात जोडून म्हटलं. पण मी थोडंच बोलावलं होतं तिला?

काकांना सांगायला हवं होतं. पुढच्या आठवड्यात ते आले तेव्हा सांगणारही होते. पण ते आले ते दाढी करून, चेहऱ्यावर तजेला घेऊन, दुकानातल्या दोरे-चिंध्या शर्टाला चिकटलेल्या. भरभरून बोलले. जेवतो म्हणाले, झोप लागते म्हणाले. जाताना दारात थांबले आणि आवाज उतरवून विचारलं, "ताई... ती नीट गेली ना?"

"गेली."

"नाही, त्या दिवशी दाराशी बामाचा वास आला. हिला बाम अजिबात चालायचा नाही. डोकं फिरतं म्हणायची." ते जरा घुटमळले. "तिकडे गेल्यावर माणसाच्या आवडी बदलतात का हो?"

"...बदलत असतील."

त्यांनी मान हलवली. मग नजर माझ्या बाहीवर आली. "अरे वा, पिन गेली! कुणी लावलं बटण?"

"आईनं," मी बोलून गेले.

"त्यांना येत नव्हतं ना? आणि त्या तर..." काका थांबले. शिंप्याची सवय, हात आपोआप पुढे आला, बाही उलटी करून बघायला. मी हात मागे ओढून घेतला. ते ओशाळले. "राहू दे, राहू दे," म्हणाले, आणि जिना उतरताना एकदाच मागे वळून पाहिलं.

आणि बाबा? बाबा बोलायला लागलेत. त्यांच्या सगळ्या शर्टांची बटणं जाग्यावर आहेत. परवा चहा पिताना मला म्हणाले, "तुझी आई शिवायला कधी शिकली गं? हात काय सफाईदार झालाय!" इतके आनंदानं म्हणाले, की मी चहात बघत बसले. काय सांगू त्यांना? काकांना सांगितलं तर काका परत त्या खुर्चीसमोर येऊन बसतील. बाबांना सांगितलं तर बाबा परत मुके होतील.

मोठ्या बाई परवा येतील. पहिला प्रश्न खुर्चीचाच असेल.

आता दाराचं सांगते. रोज संध्याकाळी मी घरी पोचते, जिना चढते, तेव्हा आमच्या दाराबाहेर, जिन्याच्या दिव्याखाली, बामाचा वास असतो. आत कुणी बसलंय म्हटल्यावर आई आत येणार नाही. ती तिथेच उभी असते. मी जिथे जाते तिथे दाराबाहेर. मी कुलूप काढते, दार सताड उघडते आणि बाजूला होते. "आई," म्हणते, "ये ना. तुझंच घर आहे. कुणाला अडचण नाही गं." वास उंबऱ्यापर्यंत येतो. थांबतो. मी पाठ वळवून उभी राहते, पाठ तिच्याकडे करून, खांदे सैल सोडून. बस, एकदा. मी दार धरून राहते, हात भरून येईपर्यंत.

आतून तट् असा आवाज येतो.

आणि मग बाबांचा, मजेत असलेला, घरगुती आवाज.

"दार लाव गं पोरी. ही म्हणतीये, गार वारं येतंय."